दाबाची रेघ

रॉबर्ट कोल यांचं ‘अंडरवॉटर एक्स्प्लोजन्स’ 1948 साली प्रिन्स्टन विद्यापीठाने छापलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या वुड्स होलला झालेल्या कामाचा मोठा वाटा त्यात आहे. पुस्तक सूत्रांनी गच्च आहे, पण मी ते उघडतो एका रेघेसाठी: पाण्यातल्या स्फोटाचा दाब वेळेनुसार कसा बदलतो ते दाखवणारी रेघ.

हिला आलाप नाही. ही थेट समेवरच येते. 100 किलो टीएनटीपासून 10 मीटरवर दाब एका झेपेत वातावरणाच्या दोनशे पटींपलीकडे जातो आणि जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदात शिखराच्या 37 टक्क्यांवर उतरतो. पुढे बराच वेळ काही नाही. घाईचा वाचक इथेच पान उलटतो आणि फसतो. कारण तिकडे स्फोटाच्या वायूंचा बुडबुडा फुगून पुन्हा आकसत असतो. स्फोट 20 मीटर खोल असेल, तर अर्ध्या सेकंदानंतर थोड्याच वेळात दुसरा उंचवटा येतो. तो ठेंगणा, पण चांगला रुंद. अख्खं जहाज कण्यापासून हलवायची ताकद त्याच्यात असते.

ही रेघ काढली कशी, त्यातच खरी गंमत आहे. 1919 साली हिलियर यांनी विजेविना ते साधलं. स्फोटाच्या दाबाने ढकलल्या जाणाऱ्या पोलादी दट्ट्यांपैकी प्रत्येकाला धावायला वेगळं अंतर दिलं, आणि शेवटी प्रत्येक दट्ट्या तांब्याच्या तुकड्यावर आदळू दिला. तांबं किती चेपलं यावरून वेग कळतो, आणि त्या वेगांवरून दाबाची रेघ जुळवता येते. मला तर हे दाब विजेतून मोजणाऱ्या टूर्मलीनच्या स्फटिकापेक्षाही देखणं वाटतं. टूर्मलीनचं कौतुक वेगळं: चारी बाजूंनी सारखं दाबलं तर क्वार्ट्झ मुका राहतो, टूर्मलीन मात्र विद्युतभार देतो. फक्त स्फटिक लहान हवा. एक सेंटिमीटर ओलांडायलाही लाटेला सुमारे सात मायक्रोसेकंद लागतात, म्हणून नोंदीतल्या शिखराची गोलाई बहुधा मापकाची असते, स्फोटाची नाही.

आता तोच मापक जहाजाच्या पत्र्यावर बसवा. रेघ ओळखू येत नाही! अढळ भिंतीवर दाब दुप्पट व्हायला हवा, पण पत्रा मागे सरकतो आणि सरकता सरकता दाब खाऊन टाकतो. पाण्याला ताण सोसत नाही, ते पत्र्यालगत फाटतं, पोकळी होते. ती मिटली की पत्र्यावर पुन्हा भार येतो. जी. आय. टेलर यांनी पत्र्याचं हे गणित 1941 साली मांडलं. म्हणजे पत्र्यावर मोजलेला दाब एकट्या स्फोटाचा नसतोच. पत्र्याची जाडी आणि वजनही त्यात बोलत असतं. मोकळ्या पाण्यातली रेघ शेजारी नसेल, तर पत्र्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

कोल वाचायला घ्याल तेव्हा सूत्रं खुशाल वगळा, पण आलेखांवरून नुसती नजर फिरवू नका.