चालीला वेळ कोण देणार?

श्रावण लागला की गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या रत्नागिरीच्या पट्ट्यात जाखडी नाचाच्या तालमी सुरू होतात. शाहीर वही काढतो. गण नवा हवा, गौळण नवी हवी आणि शक्तीवाल्यांनी तुरेवाल्यांना, म्हणजे समोरच्या पार्टीला, टाकायचा सवाल तर नवा हवाच. शिळं कवन म्हटलं तर समोरची पार्टी भर बारीत, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सामन्यात, उणं काढते. शब्दांवर अशी मेहनत चालते. चाल मात्र बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते: नुकतंच गाजलेलं एखादं सिनेमातलं गाणं. मात्रा मोजून शब्द बसवले, ढोलकीने ठेका धरला की गाणं उभं. म्हणजे कवीला महिना मिळतो आणि संगीतकाराला काहीच मिळत नाही, कारण संगीतकार तिथे नसतोच.

गाणं बांधायला किती वेळ लागतो, हा प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. घाईत झालेलं काम वाईटच असतं, असं मुळीच नाही. गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. वर्षभराची योजना, त्यात अधिक महिना आलेला, म्हणून गीतं झाली 56. गदिमांचे शब्द यायचे, सुधीर फडके चाल लावायचे, तालीम व्हायची, गीत प्रसारित व्हायचं आणि पुढच्या आठवड्याचं काम समोर उभं असायचं. पहिलं गीत भूपात, शेवटचं भैरवीत. मधल्या वाटेवर एकही चाल उरकलेली वाटत नाही. फडके तेव्हा पस्तिशीत होते. कोल्हापुरात वामनराव पाध्यांकडे घेतलेली तालीम, ग्रामोफोन कंपनीतली नोकरी, प्रभातमधलं काम, एवढी शिदोरी त्यांच्या गाठीशी होती. एका चालीला त्यांना आठवडा लागला असं म्हणायचं, तर ही आधीची वर्षंही त्या हिशेबात धरावी लागतील.

पाश्चात्त्य संगीतात हँडेलने ‘मसाया’ 1741 मध्ये अवघ्या 24 दिवसांत लिहिला, हे नेहमी सांगितलं जातं. त्यातल्या काही रचना त्याने स्वतःच्याच जुन्या इटालियन युगुलगीतांवरून घडवल्या होत्या, हे क्वचितच सांगितलं जातं. उलट ब्राम्सची पहिली सिंफनी 1876 मध्ये वादकांपुढे आली, तेव्हा पहिल्या आराखड्यांपासून वीसेक वर्षं उलटली होती. दोघेही मोठे. वेळेच्या आकड्यावरून कोणाचीच उंची कळत नाही.

उसनवारीही मला मुळात गैर वाटत नाही. आपलं नाट्यसंगीत उसनवारीवरच पोसलं. ‘मानापमान’च्या (1911) चाली देताना गोविंदराव टेंब्यांनी पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेतला, तर ‘स्वयंवर’साठी (1916) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींचा. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिहिलेलं ‘संन्यस्त खड्ग’ 1931 मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली वझेबुवांच्या, म्हणजे पुन्हा ख्यालगायकीत मुरलेल्या माणसाच्या. बंदीश घ्यायची, पण पद कोणाच्या तोंडी आहे, प्रसंग कोणता, मराठी अक्षर कुठे तोलायचं, हे पाहून तिला नव्याने वळण द्यायचं. पुढे अभिषेकीबुवांनी ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ ही तीन नाटकं 1964 ते 1967 एवढ्या थोड्या काळात केली. तिन्ही एकमेकांसारखी वाटत नाहीत, हे मला त्यांच्या वेगाहून फार मोठं वाटतं.

जाखडीतली आजची उसनवारी या जातीची नाही. गणातला ‘गणराया’ हा शब्द घ्या. सिनेमाच्या चालीत पहिल्या अक्षरावर लांब सूर असेल, तर ‘ग’ ओढला जाऊन ‘गा’ होतो आणि देवाचं नावच वेडंवाकडं होतं. दुसरी अडचण नाचाची. गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे भोवती गोल धरतात, पायात घुंगरू. मूळ गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये वाद्यमेळ भरलेला असतो, तो इथे नाही. ती जागा कीबोर्ड कशीबशी भरतो, तोवर गोल नुसता पाय आपटत राहतो. जुन्या चाली पावलातूनच आलेल्या. मुखडा परतला की पाऊल बदलायचं, हे त्यांच्या बांधणीतच असे. यशवंत देवांनी आयुष्यभर शब्दप्रधान गायकीचा आग्रह धरला. इथे चाल शब्दांतून येत नाही आणि पावलांतूनही येत नाही.

दोष शाहिराचा, असं मी म्हणणार नाही. प्रेक्षकाला ओळखीची धून लागली की शिट्ट्या पडतात, पुढची सुपारी मिळते. दिवसभर नोकरी किंवा शेती करून रात्री तालमीला येणाऱ्या माणसाला चाल घडवायला कोणी सवड देत नाही, मोबदला तर नाहीच. शहरातही चित्र फार वेगळं नाही. तयार ठेक्यांचे तुकडे जोडून ट्रॅक केला जातो आणि गायकाला चाल कळते ती माइकसमोर. श्रीनिवास खळ्यांसारखा मोजकंच काम करणारा संगीतकार आज या धंद्यात तगेल का, याची मला मनापासून काळजी वाटते.

तरीही जाखडीबद्दल मला आशा आहे, कारण इथे गळा, ठेका आणि पाऊल अजून एकाच रिंगणात आहेत. चाल बांधायला याहून चांगली जागा नाही. म्हणून गणेशोत्सव मंडळांना आणि बाऱ्या ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. सुपारी देताना एवढी एकच अट घाला: गण किंवा गौळण, दोहोंपैकी एक तरी पार्टीच्या स्वतःच्या चालीची असावी. त्यासाठी मानधन वेगळं द्या, आषाढातच सांगून ठेवा, आणि बारीच्या रात्री कवीइतकंच मोठ्याने चाल बांधणाऱ्याचंही नाव पुकारा.