वाचलेले भाषण, बोललेले भाषण : जयपूरच्या दोन व्यासपीठांच्या निमित्ताने

१९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात पी. ई. एन. या लेखकसंघटनेच्या भारतीय शाखेने जयपूर येथे अखिल भारतीय लेखक परिषद भरविली. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू होत्या, नेहरू आणि राधाकृष्णन यांच्यासारखे वक्ते उपस्थित होते, संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांचे परिषदेला साहाय्य होते, आणि ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार या निमित्ताने तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला होता. या दौऱ्याविषयी फॉर्स्टरने पुढे जे लिहिले त्यातील एक कबुली वक्तृत्वाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. साहित्यातील रूपाची आवश्यकता आणि लेखकाची स्वतःची दृष्टी यांविषयी आपण बोलू लागलो की येथील लेखक सभ्यपणे ऐकून घेत, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे भटके, असे तो सांगतो. साहित्याने एखाद्या राजकीय श्रद्धेचा पुरस्कार करावा अशी या लेखकांची समजूत असल्यामुळे असे होत असावे, असे त्याचे निदान आहे.

निदान चुकीचे नाही. १९४५ साली लेखकांची मने राजकारणाने व्यापलेली असणे स्वाभाविक होते. परंतु ते अपुरे आहे. श्रोत्याचे लक्ष विषयामुळे जसे ढळते तसे भाषणाच्या घडणीमुळेही ढळते. फॉर्स्टर हा सभेचा वक्ता नव्हता. युद्धकाळात बीबीसीवरून तो हिंदुस्थानातील श्रोत्यांसाठी पुस्तकांविषयी बोलत असे, आणि नभोवाणीवरील भाषण ही कला त्याला उत्तम साधली होती. नभोवाणीचा वक्ता एका वेळी एकाशीच बोलतो. त्याचा श्रोता आपल्या खोलीत एकटा असतो. म्हणून तेथे आवाज चढवावा लागत नाही, संदेह संदेहाच्याच सुरात मांडता येतो, वाक्य मध्येच वळवता येते. हाच सूर शेकडो माणसांसमोर लावला की पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे तो पोहोचतच नाही. शब्द पोहोचतात, पण त्यामागचा माणूस पोहोचत नाही.

वक्तृत्वावरील पाठ्यपुस्तके भाषणाचे चार प्रकार सांगतात : कागदावरून वाचलेले, पाठ करून म्हटलेले, टाचणाच्या आधारे केलेले आणि ऐन वेळी सुचेल तसे केलेले. त्यामागे ॲरिस्टॉटलची जुनी त्रिविध विभागणी आहेच : न्यायासनासमोरचे भाषण घडून गेलेल्या गोष्टीविषयी, मसलतीचे भाषण पुढे करावयाच्या गोष्टीविषयी आणि समारंभाचे भाषण समोर असलेल्या व्यक्तीच्या वा प्रसंगाच्या गौरवाविषयी. १९०८ च्या खटल्यात लोकमान्यांनी जूरीपुढे जवळजवळ एकवीस तास केलेले भाषण यांपैकी पहिल्या प्रकाराचे, पण त्याचा खरा रोख तिसऱ्याच श्रोत्याकडे, म्हणजे न्यायालयाबाहेरील लोकांकडे होता. इतके एक उदाहरण घेतले तरी हे कप्पे किती सैल आहेत हे कळते. विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग असेल; समीक्षेला ते फार दूर नेत नाहीत. समीक्षेने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक भाषणाला दोन आयुष्ये असतात : एक सभेतले, तासाभराचे, दुसरे कागदावरचे, जितके टिकेल तितके. अमुक भाषण यांपैकी कोणत्या आयुष्यासाठी घडविले गेले, आणि त्याला प्रत्यक्षात कोणते लाभले?

जयपूर परिषदेचा वृत्तांत के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांच्या संपादनाखाली १९४७ मध्ये ‘इंडियन रायटर्स इन कौन्सिल’ या नावाने ग्रंथरूप झाला. अशा कोणत्याही वृत्तांतात घडते ते असे, की सभेत ज्याने जांभया आणल्या असतील तो निबंध छपाईत भारदस्त दिसू लागतो, आणि ज्या भाषणाने सभा हालविली असेल ते शब्दबंबाळ वाटते. सरोजिनीबाईंसारख्या उत्स्फूर्त वक्त्यावर तर हा अन्याय नेहमीचाच. त्यांच्या छापील भाषणांतील अलंकार आज अंगावर येतात. परंतु ते अलंकार त्या आवाजासाठी, त्या विरामांसाठी होते, आणि आवाज व विराम छापता येत नाहीत. संहितेवरून वक्त्याची प्रत ठरविणे हे कोरड्या नदीच्या पात्रावरून पुराचा अंदाज बांधण्यासारखे आहे. अंदाज बांधता येतो, पण कोठे काठ खचला आहे हे पाहण्याची नजर हवी.

मराठी वाचकाला या ठिकाणी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. जयपूरला येण्यापूर्वी चोवीस वर्षे, १९२१ मध्ये, हाच फॉर्स्टर देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला होता. मराठ्यांच्या त्या दरबारात त्याने गोकुळाष्टमीचा उत्सव पाहिला, भजनाचा गजर ऐकला. त्याच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या तिसऱ्या भागात तुकारामाच्या नावाचा जो घोष आहे तो तेथूनच आलेला. म्हणजे समुदायासमोर शब्द कसा उभा राहतो याचे एक उत्कट उदाहरण त्याच्या कानांवर पडलेले होते. त्याचे त्याने कादंबरीत सोने केले. वक्ता म्हणून मात्र त्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. ती त्याची परंपरा नव्हे.

ती आपली आहे, आणि तरीही आपल्या समीक्षेने तिच्याकडे वक्तृत्वाचे शास्त्र म्हणून क्वचितच पाहिले. नारदीय कीर्तनाची रचना पाहावी. पूर्वरंगात मूळपद आणि त्याचे निरूपण. मग गजर, बुक्का, हार. आणि उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानातून. श्रोत्याची बुद्धी जेथे थकते नेमक्या त्याच ठिकाणी कीर्तनकार तिला विसावा देतो आणि तोच विचार कथेच्या वाटेने पुन्हा आणतो. पाठ, टाचण, वाचन आणि उत्स्फूर्तता हे पाठ्यपुस्तकातील चारही प्रकार एकाच कीर्तनात नांदतात : अभंग पाठ असतो, आख्यानाचा सांगाडा टाचणाइतका ठरलेला असतो, आणि समोर कोण बसले आहे ते पाहून दिलेला दाखला त्या क्षणीच सुचलेला असतो. एकोणिसाव्या शतकात पुण्यात वसंत व्याख्यानमालेसारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि इंग्रजी धर्तीचे व्याख्यान रुजले, तेव्हा व्याख्यात्यांनी वीणा आणि झांजा खाली ठेवल्या. पण त्यांतील उत्तम व्याख्यात्यांच्या बोलण्यात पूर्वरंग-उत्तररंगाची लय राहिलीच.

या परंपरेचे सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणजे विनोबांची गीताप्रवचने. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखे, जयपूर संस्थानातून येऊन वर्ध्यास स्थायिक झालेले गृहस्थही होते. (श्रोत्यांना उठून जाण्याची सोय नव्हती हे खरे, पण तुरुंगात मन भटकण्यास अटकाव नसतो.) ही प्रवचने छापण्यासाठी केलेली नव्हती. तरीही ती छापली गेली, भारतातील बहुतेक भाषांत गेली, आणि भाषांतरातही ती बोललेलीच राहिली. वाक्ये लहान आहेत, दाखले घरातले आहेत, आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली तर तिसऱ्यांदा ती थोडी पुढे सरकलेली असते. भाषांतरकाराला अनुभवाने ठाऊक असते की निबंधाचे भाषांतर करताना शब्दांशी झगडावे लागते, भाषणाचे करताना श्वासाशी. विनोबांच्या वाक्यांतील श्वास इतका स्पष्ट आहे की तो परभाषेतही सापडतो.

याच्या अगदी उलट टोकाला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षीय भाषण आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरले, तेव्हापासून हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच बनत गेला आहे. भाषण आधी छापले जाते, प्रती वाटल्या जातात, आणि अध्यक्ष त्यातील निवडक भाग वाचतात. श्रोते पाने उलटून वक्त्याच्या पुढे जातात. कोणते परिच्छेद गाळले जातील याविषयी शेजाऱ्याशी कुजबुजही होते. कागदावरच्या आयुष्यासाठी सभेतल्या आयुष्याचा बळी देण्याची इतकी पद्धतशीर व्यवस्था दुसरीकडे क्वचितच असेल. पण म्हणून हा प्रकार निंद्य ठरत नाही. लेखक वर्षानुवर्षे जे सुटे सुटे बोलत असतो ते त्याला येथे एकदा तरी सलग, स्वतःच्या नावावर, मागे घेता येणार नाही अशा रीतीने मांडावे लागते. छापील प्रत ही एक प्रकारची जामीनकीच असते.

आणि तरीही १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाविषयी आज काय आठवले जाते? देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. लेखनस्वातंत्र्याविषयी त्यांनी केलेला उच्चार लोकांच्या स्मरणात आहे, पण त्याहून अधिक स्मरणात आहे ते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे त्यांनी सभेला केलेले आवाहन. प्रार्थनेला संहिता लागत नाही. मंचावर कोण बसले आहे, हे कोणत्या महिन्यात घडत आहे आणि बोलणाऱ्या बाईला पुढे काय सोसावे लागू शकते, हे सारे त्या एका कृतीत होते. दुसऱ्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

जयपूरकडे परत यावे. २००६ पासून तेथे दरवर्षी साहित्य महोत्सव भरू लागला. आरंभी डिग्गी पॅलेसमध्ये, २०२२ पासून क्लार्क्स आमेर हॉटेलात. १९४५ च्या परिषदेशी या महोत्सवाचे नाते नाही, आणि बोलण्याच्या रीतीचा विचार केला तर ती त्या परिषदेची उलट बाजूच आहे. येथे निबंध वाचला जात नाही. एक संवादक, दोन-तीन लेखक, तासाभराचे सत्र, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. एकाच वेळी अनेक मंडपांत सत्रे चाललेली असतात, आणि ज्याला कंटाळा येतो तो दुसऱ्या मंडपात जातो. फॉर्स्टरच्या श्रोत्यांची मने भटकत होती. येथे पाय भटकतात. हे अधिक प्रामाणिक आहे असेही म्हणता येईल.

मुलाखतीचा हा प्रकार मराठीलाही अपरिचित नाही. प्रकट मुलाखतीने आपल्याकडील व्याख्यानांची जागा केव्हाच घेतली आहे. तिचे गुण उघड आहेत. लेखक सैलावतो, विनोद करतो, आठवणी सांगतो, आणि श्रोत्याला तो भेटल्यासारखा वाटतो. परंतु मुलाखतीत विचार पूर्ण करण्याची जबाबदारी कोणावरच नसते. अडचणीच्या वळणावर संवादक पुढचा प्रश्न विचारतो आणि वेळ संपली की सारे सुटतात. भाषणात तसे सुटता येत नाही. जो एकटा उभा राहतो त्याला स्वतःच्या प्रतिपादनाच्या शेवटापर्यंत चालत जावे लागते, आणि तेथे काही नसेल तर ते सर्वांना दिसते. लेखक बोलू लागले आहेत पण भाषण करीत नाहीत, ही स्थिती वाङ्मयाच्या दृष्टीने किरकोळ मानता येणार नाही.

म्हणूनच या महोत्सवातील बीजभाषणे वेगळी उठून दिसतात. २०१३ मध्ये महाश्वेता देवींनी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लेखी भाषण केले. वक्तृत्वाचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी उरले नव्हते. वय हेच त्या भाषणाचे स्वरसाधन होते. दुसऱ्या वर्षी अमर्त्य सेन यांनी जे केले ते तर कीर्तनाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे. अर्थशास्त्रज्ञाकडून आकडे अपेक्षित असताना त्यांनी एक आख्यान रचले : मध्यम आकाराच्या गोष्टींची एक देवी भेटते, आठवडाभर रोज एक वर देऊ करते, आणि वक्ता अभिजात भाषा व साहित्याच्या शिक्षणापासून राजकीय पक्षांच्या धोरणापर्यंत देशासाठी एकेक मागणे मागत जातो. देवी मध्येच टोकते, शंका काढते. फॉर्स्टरने ज्या सभेत रूपाविषयी सांगितले आणि ती सभा हरवली, त्याच नगरात येथे रूपानेच सभा धरून ठेवली. आणि राजकारण तर होतेच. हे भाषण लिहिलेले होते, पुढे ग्रंथात आले, आणि वाचतानाही त्यातील देवीचा आवाज ऐकू येतो. दोन्ही आयुष्ये लाभलेले असे भाषण विरळा.

मात्र यातील एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९४५ च्या परिषदेत भारतीय लेखक एकमेकांशी मुख्यतः इंग्रजीत बोलले. बंगालीत लिहिणाऱ्या महाश्वेता देवी जयपूरला इंग्रजीत बोलल्या. हिंदी, राजस्थानी आणि इतर भाषांना महोत्सवात स्थान आहे, परंतु देशाला उद्देशून बोलावयाचे तर भाषा बदलावी लागते हा संकेत अजून मोडलेला नाही. ज्याची लेखणी एका भाषेची आणि व्यासपीठ दुसऱ्या भाषेचे, त्याचे भाषण उभे राहण्यापूर्वीच भाषांतर झालेले असते. ते भाषांतर करणाऱ्याचे नाव कोठे छापले जात नाही, कारण तो वक्ता स्वतःच असतो.

ज्या भाषणांना सभेतले आयुष्य मिळालेच नाही त्यांचाही एक प्रकार मानावा लागेल. १८८५ च्या ग्रंथकार सभेला जोतीराव फुले गेले नाहीत. त्यांनी पत्र पाठविले, आणि त्या सभेत झालेल्या भाषणांपेक्षा ते पत्रच अधिक वाचले गेले. २०१२ मध्ये जयपूरला सलमान रश्दी येऊ शकले नाहीत आणि त्यांचा दूरस्थ चित्रसंवादही ऐन वेळी रद्द झाला. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या ब्याण्णवाव्या संमेलनाच्या उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, तेव्हा त्यांचे इंग्रजी भाषण लिहून तयार होते. ते वृत्तपत्रांत आले, त्याचा मराठी अनुवाद हातोहात पसरला, आणि संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी निमंत्रण परत घेण्याच्या कृतीचा व्यासपीठावरून निषेध केला. उद्घाटन झाले ते शेतकरी पतीने आत्महत्या केलेल्या एका स्त्रीच्या हस्ते. ती लेखिका नव्हती. आपल्या रोजच्या बोलीत, स्वतःच्या जगण्याविषयी बोलली, आणि सभा स्तब्ध होऊन ऐकत राहिली. सहगल यांचे भाषण आज दोन भाषांत, शब्दशः उपलब्ध आहे. त्या स्त्रीचे भाषण बातम्यांच्या रकान्यांत आणि ध्वनिचित्रफितींत विखुरलेले आहे; संमेलनाच्या भाषणांचा संग्रह करणाऱ्या संपादकाला ते ऐकून, विरामांसकट, उतरवून घ्यावे लागेल.