नौगांवची कथा

धर्मच्छळाची कथा म्हटली कीं वाचकास बंदिखाना, साक्षीदार आणि चिता यांची अपेक्षा असते. रायगड किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाच्या मूळकथेंत छळणारा राजा रंगभूमीवर येतच नाहीं; आणि तरीहि इतिहास व अद्भुत यांचा असा मेळ फार थोड्या कथांत साधला आहे, असें आमचें मत आहे.

कथा अशी. छळामुळें स्वदेश सोडलेल्या यहुद्यांचें गलबत अलिबागेजवळ नौगांवापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. पुढें डेव्हिड राहाबी नांवाचा यहुदी आला. त्यानें स्त्रियांपुढें नाना जातींचे मासे ठेविले. त्यांनीं पर व खवले नसलेले मासे बाजूस सारले, आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं पुऱ्या केलेल्या व १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत या प्रस्थानाचा संबंध इ. स. पूर्व १७५ च्या सुमारच्या अँटायोकस राजाच्या छळाशीं जोडला आहे. त्यास तत्कालीन लेखाचा आधार नाहीं. परंतु कथेचें मर्म तारखेंत नाहीं. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली. तेव्हां धर्माची साक्ष दिली ती चुलीनें, हें तें मर्म होय.

या मर्माचें मोल कळण्यास दूर जावयास नको. जवळच्या रेवदंड्यावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय बसलें होतें. यहुदी वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या अस्थि मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, १५८० सालीं, उकरून जाळण्यांत आल्या. असल्या न्यायालयांत शनिवार पाळणें, अमुक मांस वर्ज्य करणें, हाच गुन्ह्याचा पुरावा ठरे. ज्या खुणेनें राहाबीनें आप्त ओळखले, त्याच खुणेनें कोटाच्या आंत पाखंडी ओळखले जात!

कथेंत उणें नाहीं असें नव्हे. त्या सात स्त्रियांस नांवें नाहींत. आणि त्यांच्या निष्ठेस परक्याची परीक्षा कां लागावी, हा प्रश्न कथा विचारीत नाहीं. तो पुढें आयुष्यानें विचारला. इस्राएलांत गेलेल्या याच समाजाच्या यहुदीपणाविषयीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं विवाहप्रसंगीं शंका घेतल्या. १९६४ सालीं सरकारनें त्यांस सर्वार्थानें यहुदी म्हटलें, तें मोठ्या आंदोलनानंतर.

एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ (२००६) या इंग्रजी कादंबरींत कोंकणांतील एकाकी वृद्धा ओस पडलेलें प्रार्थनामंदिर सांभाळते आणि आपले पदार्थ रांधते. येथें अद्भुत नाहीं, छळहि नाहीं. पण नौगांवच्या कथेचा गाभा लेखिकेनें अचूक धरला आहे. ज्या मराठी लेखकास हा विषय हातीं घ्यावयाचा असेल, त्यानें रेवदंड्याची आग तेल्याच्या अंगणांत आणूं नये. शनिवारीं घाणा कोणीं थांबविला आणि कां, एवढेंच शोधावें.