वैकुंठ आणि स्पिरितु सांतु : 'क्रिस्तपुराणा'तील शब्दविवेक

'क्रिस्तपुराणा'चे नाव निघाले की आपल्याला प्रथम आठवतात त्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या. व्याख्यानांतून, पाठ्यपुस्तकांतून आणि मराठी दिनाच्या समारंभांतून त्या इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत की फादर थॉमस स्टीफन्स म्हणजे मराठीला रत्नाफुलांच्या उपमा देणारा परदेशी पाद्री, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांच्या मनात उरली आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ अशा रीतीने मूठभर ओव्यांपुरता उरला. स्तुती गोड आहे, यात शंका नाही. परंतु भाषेवर आपले प्रेम आहे असे सांगणे निराळे, आणि त्या भाषेत पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगताना कोणता शब्द घ्यावा व कोणता सोडावा, याचा निर्णय ओवीओवीला करणे निराळे. स्टीफन्स यांची खरी थोरवी या दुसऱ्या कामात आहे. त्यांच्या मर्यादाही तिथेच दिसतात. म्हणून या लेखात त्यांच्या काव्यगुणांची चर्चा बाजूला ठेवून त्यांच्या शब्दविवेकाचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेऊ. इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाला. म्हणजे सदतीस वर्षे त्यांनी येथली बोली ऐकली आणि मग हे पुस्तक लोकांपुढे ठेवले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा येते आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. रचना ओवीची आहे आणि अध्यायांना 'अवस्वर' असे नाव आहे.

आरंभी एक प्रसंग आहे. एक ब्राह्मण पाद्रींना विनवितो की तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी तसेच काही आम्हांस का देत नाही? संपूर्ण ग्रंथ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. पुढेही श्रोते मधून मधून शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतात. लेखकाच्या नजरेसमोर सतत एक बोलता श्रोता बसलेला आहे. ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण शब्दाची पारख शब्दकोशात होत नाही. ऐकणारा उलट प्रश्न विचारू शकतो की नाही, यावर ती ठरते. ज्याला श्रोता प्रश्न विचारील याचे भान आहे, तो पोकळ शब्द वापरताना अडखळतो.

पहिला निर्णय भाषेचाच होता. ग्रंथ मराठीत रचला, कारण असा विषय पेलण्यास येथील भाषांत तीच अधिक समर्थ असे त्यांचे मत होते. परंतु निव्वळ ग्रांथिक मराठी साष्टीच्या सामान्य माणसाला उमजणार नाही, हेही त्यांनी ओळखले. म्हणून तिच्यात तेथील कोंकणीचे पुष्कळ शब्द मिसळल्याचे त्यांनी प्रास्ताविकात स्पष्टपणे नमूद केले आहे. पंडितांची वाहवा मिळवावयाची असती तर ही भेसळ त्यांनी टाळली असती. ग्रंथाचा डौल आणि श्रोत्याचे आकलन यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आकलनाकडे माप झुकविले आणि तरीही डौल सांभाळला.

दुसरा निर्णय अधिक अवघड होता. स्वर्गाला काय म्हणावे? स्टीफन्स यांनी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. ग्रंथालाच 'पुराण' म्हटले. 'मुक्ती', 'परमेश्वर' हे शब्दही निःसंकोच वापरले. आता दुसरी बाजू पाहा. पवित्र आत्म्यासाठी त्यांनी 'स्पिरितु सांतु' हा लॅटिन-पोर्तुगीज वळणाचा शब्द ठेवला, आणि बाप्तिस्मा व इतर संस्कारांची नावेही तशीच ठेवली. एकाच ग्रंथात एकीकडे वैकुंठ आणि दुसरीकडे स्पिरितु सांतु! वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु बारकाईने पाहिल्यास तिच्यामागचा विचार हाती लागतो.

वैकुंठ म्हणताच श्रोत्याच्या मनात देवाच्या सान्निध्याची, दुःख सरल्याची, घरी पोहोचल्याची भावना आधीपासून होती. तिथे पाय रोवून पुढची कथा सांगता येत होती. 'आत्मा' शब्दाचे तसे नव्हते. त्याच्या पाठीशी शतकानुशतकांचे तत्त्वज्ञान उभे होते. तो शब्द घेतला असता तर श्रोत्याला आपणांस समजले असे वाटले असते, आणि समजले असते भलतेच. अपरिचित शब्द ऐकणारा निदान थांबतो, म्हणजे काय असे विचारतो. ओळखीचा शब्द चुकीच्या अर्थाने ऐकणारा मात्र थांबतही नाही. म्हणून जिथे ओळख उपकारक तिथे ओळखीचा शब्द आणि जिथे ओळख फसवी तिथे परका शब्द, असा हा विवेक दिसतो. श्रोत्याशी प्रामाणिक राहणे आणि सांगावयाच्या गोष्टीशी प्रामाणिक राहणे, या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे.

हा निर्णय कायमचा मिटलेला नव्हता, याचा पुरावाही उपलब्ध आहे. पुराणाच्या एका देवनागरी हस्तलिखितात, ज्याला अभ्यासक 'मार्स्डन प्रत' म्हणतात, रोमी पाठातील अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत घडणीचे शब्द आढळतात. यातला आधीचा पाठ कोणता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने एवढे पुरे की कोणीतरी हातात लेखणी घेऊन एकेका शब्दाचा पुन्हा विचार केला. ग्रंथ रोमी लिपीत छापला गेला तोही हौसेने नव्हे. येथील लिपीचे खिळे पाडावेत, असे स्टीफन्स यांनी १६०८ च्या एका पत्रात वरिष्ठांना सुचविले होते आणि सहाशेच्या घरात जाणारे खिळे दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही मांडला होता. ती इच्छा पुरी झाली नाही. माणूस शब्दांबरोबर अक्षरांचाही विचार करीत होता.

इथवर गौरव झाला. आता एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. ज्या साष्टीत हा ग्रंथ जन्मला, तेथील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रोडोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले, आणि त्यानंतर गावाला सत्तेच्या सूडाला तोंड द्यावे लागले. अशा भूमीत 'वैकुंठ' हा शब्द उच्चारणे कितपत खरे? ज्याचे देऊळ गेले, त्याच्याच देवाच्या घराचे नाव आपल्या स्वर्गाला देणे, हा संवाद म्हणावा की शेजाऱ्याची वस्तू न विचारता उचलणे?

काही टीकाकार यास केवळ चतुराई समजतात. हे मत मला पटत नाही. फसवणुकीची खूण अशी की वक्ता आपला खरा हेतू शब्दामागे लपवितो. स्टीफन्स काहीच लपवीत नाहीत. आपण काय सांगत आहोत आणि काय नाकारीत आहोत, हे ते उघड सांगतात. परंतु आक्षेपाचा दुसरा भाग उरतोच. मूर्तिपूजेविषयी ते कठोर बोलतात आणि ज्या परंपरेकडून शब्द, छंद व ग्रंथप्रकार घेतला, तिच्या ऋणाचा उल्लेख मात्र करीत नाहीत. मराठी भाषेची त्यांनी मनमुराद स्तुती केली. त्या भाषेला ही श्रीमंती ज्या संतांनी व कथाकारांनी मिळवून दिली, त्यांच्या श्रद्धेविषयी आदराचा शब्द ग्रंथात सहसा सापडत नाही. काळाची मर्यादा म्हणून आपण हे समजून घेऊ शकतो, परंतु समीक्षकाने ते नोंदविले पाहिजे. पूर्ण संवादासाठी शब्द स्पष्ट असणे पुरत नाही. तो कोणाकडून आला, याची कृतज्ञताही त्यात असावी लागते.

शब्दांची ही ओढाताण गोव्यात पुढेही चालू राहिली. ख्रिस्ती कोंकणीत 'देवचार' म्हणजे सैतान. शेजारच्या हिंदू घरात देवचार म्हणजे गावाची राखण करणारा. एकाच वाटेवरून जाणारी दोन माणसे एकच शब्द उच्चारतात, आणि एकाला भय वाटते तर दुसऱ्याला धीर येतो. १६८४ साली तर स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असे सरकारी फर्मान निघाले. स्टीफन्स यांच्या साऱ्या परिश्रमांच्या नेमके उलट असे ते पाऊल होते. लोक मात्र पुराण गातच राहिले आणि गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालदान्हा यांनी ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली, ती अशाच जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. मूळच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

याच प्रश्नाला अगदी उलट उत्तर देणारे एक उदाहरण येथे आठवते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचा अंत झाला आणि १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यातून ते ग्रंथरूपाने बाहेर पडले. ज्यांच्या संस्कृत पांडित्याचा कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरव केला होता, त्यांनीच संस्कृतप्रचुर आणि जुन्या तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द कटाक्षाने दूर ठेवले. त्यांचा श्रोता कोण होता? दुष्काळातून, वैधव्यातून आणि निराधारपणातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाया. जड शब्दांचा धर्म त्या बायांनी पुष्कळ सोसला होता. त्यांना रोजच्या बोलीतले वाक्य हवे होते.

स्टीफन्स यांनी वैकुंठ स्वीकारला आणि रमाबाईंनी असे शब्द नाकारले, यांत खरे कोण? माझ्या मते दोघेही, कारण दोघांनीही समोर बसलेल्या माणसाकडे पाहून निर्णय घेतला. कलावंत म्हणून स्टीफन्स निःसंशय वरचढ आहेत. रमाबाईंचे भाषांतर कित्येक ठिकाणी रूक्ष वाटते. परंतु स्वतःजवळची सर्वांत मोलाची वस्तू, म्हणजे आपली विद्वत्ता, श्रोत्यासाठी बाजूला ठेवणे हा शब्दविवेकाचा कस आहे आणि त्यावर रमाबाई पूर्ण उतरतात.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषेला वाव दिला आणि लॅटिनच्या जागी मराठी आपल्या वेदीवर आली. हे मोठेच दान होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने २०१० साली त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले, आणि शीर्षकातच आपला पक्ष जाहीर केला. तरीही आपल्या प्रवचनांतून, स्मरणिकांतून आणि अशा नियतकालिकांतूनही एक वेगळीच मराठी वाढीस लागली आहे. 'परिप्रेक्ष्य', 'समर्पणशीलता', 'आध्यात्मिक परिपोष' असे शब्द ओळीने येतात. ते अशुद्ध नसतात, फक्त ते कोणाला उद्देशून आहेत हे कळत नाही. घरी सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोलणारी आजी ते ऐकून मान डोलावते, पण तिला प्रश्न विचारावासा वाटत नाही. तिथे स्टीफन्स यांचा बोलता श्रोता हरवलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट दुःखाच्या घरी घडते. तरुण मुलगा गेलेल्या आईला आपण सांगतो, 'प्रभूची इच्छा.' वाक्य तयार असते, म्हणून ते पटकन ओठांवर येते. त्यामागे श्रद्धा असेलही, परंतु त्या क्षणी ते वाक्य तिच्यासाठी निवडलेले नसते. बोलणाऱ्याची अडचण सोडविण्यासाठी ते आलेले असते. 'काय बोलावे सुचत नाही, पण आम्ही आहोत' हे साधे वाक्य अधिक ख्रिस्ती असू शकते, कारण ते खरे असते आणि त्या आईला त्यावर बोलता येते.

'क्रिस्तपुराणा'चे देवनागरी पाठ आज उपलब्ध आहेत. आपल्या धर्मग्रामातील वाचकमंडळांनी स्तुतीच्या ओव्या क्षणभर बाजूस ठेवून त्याचा एखादा अवस्वर मोठ्याने वाचावा आणि शेजारच्या एखाद्या वारकऱ्यालाही अगत्याने बोलवावे. 'वैकुंठ' शब्द येताच त्याच्या मनात काय उमटते आणि आपल्या मनात काय, हे एकमेकांना विचारावे. चारशे वर्षांपूर्वी साष्टीत हा प्रश्न मोकळेपणाने विचारण्याजोगी परिस्थिती नव्हती. आपल्याला तो विचारता येतो.