बूट उगारलेला माणूस

एका कळकट खोलीत एक तरुण हातात बूट घेऊन जमिनीवरच्या कसल्याशा क्षुद्र जीवामागे धावतो आहे. त्याच्या नजरेत धास्ती आहे. ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘डूडलबग’ (१९९७) या लघुपटात यापलीकडे घटना अशी जवळजवळ नाही. सोळा मिलिमीटरच्या फितीवरील हा कृष्णधवल लघुपट जेमतेम तीन मिनिटांचा असून संवादांना त्याने जवळपास फाटाच दिला आहे. पुढे कीर्ती पावलेल्या दिग्दर्शकाची आरंभीची धडपड म्हणून त्याचे कौतुक होते. मला तो त्याहून गंभीर वाटतो. आणि म्हणूनच त्याच्याशी माझे भांडणही आहे.

नोलन कोणत्याही चित्रपटशाळेचे विद्यार्थी नव्हेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकले. तेथील विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळात ते आणि एमा थॉमस वर्षभर मोठे चित्रपट दाखवीत व त्या मिळकतीतून उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःचे लघुपट काढीत. ‘डूडलबग’ नोलन यांच्या पदवीनंतरचा, तरी त्यामागची रीत त्या मंडळाचीच. लेखन, दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन नोलन यांचे. संगीत डेव्हिड जुल्यन यांचे. निर्मितीत एमा थॉमस. आणि पडद्यावर एकटे जेरेमी थिओबाल्ड. तुटपुंज्या साधनांनी या मंडळींना एक शहाणपण शिकवले असावे : जे परवडत नाही ते कथेतच शिरू द्यायचे नाही. खोली एकच, म्हणून कथा खोलीबाहेर डोकावत नाही. माणूस एकच, म्हणून मारणारा आणि मरणारा दोघेही तोच. आपल्या धर्मग्रामांतील युवक मोबाईलवर लघुपट करतात तेव्हा पहिल्याच दृश्यात रक्त आणि कर्कश संगीत येते. (तांबडा रंग स्वस्त मिळतो, हे त्याचे एक कारण असेल!) त्यांनी ही काटकसर अवश्य अभ्यासावी.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. तो जीव हाती येण्याच्या बेतात असताना दिसते की तो कीटक नव्हे, त्या तरुणाचीच इवलीशी प्रतिकृती आहे. इतकेच नव्हे, ती जे करते तेच क्षणभराने हा करतो. म्हणजे आपण पुढे काय करणार आहोत हे त्याला आपल्याच रूपात अगोदर दिसते आहे. तरीही तो बूट हाणतो. लगोलग त्याच्यामागे त्याचेच अवाढव्य रूप प्रकटते आणि त्यालाही चिरडते.

येथे मला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला नाथान संदेष्टा आठवतो. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट तो दावीद राजाला सांगतो. राजा संतापून त्या माणसाला मरणदंडाला पात्र ठरवतो, आणि मग त्याला कळते की तो माणूस आपणच. बूट दावीदानेही उगारलाच होता; मात्र स्वतःची ओळख पटताच तो हात खाली आला आणि तोंडून पापाची कबुली निघाली. ‘डूडलबग’मधल्या तरुणालाही ओळख पटते, हात मात्र खाली येत नाही. थरार असलाच तर तो या जागी आहे. मागून येणारा राक्षसी चेहरा ही केवळ चतुराई.

माझी तक्रार एवढीच की नोलन त्या चतुराईकडे फार घाईने धावतात. ओळख आणि आघात यांच्यामध्ये माणसाचे स्वातंत्र्य असते. त्या फटीत कॅमेरा आणखी थोडा थांबला असता, चेहऱ्यावर एक क्षण तरी शंका उमटली असती, तर आपण त्या तरुणासाठी हळहळलो असतो. आता आपण फक्त दचकतो. पाप जणू घड्याळाच्या चाकासारखे आपोआप फिरते, त्यात कृपेला शिरायला जागाच नाही, असा भाव मागे राहतो. तीन मिनिटांच्या चित्रपटाकडून ही अपेक्षा अवास्तव आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. एका क्षणाला किती वेळ लागतो?

याच चमूतील काहींनी पुढे ‘फॉलोइंग’ (१९९८) हा सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट केला. नोकरी सांभाळून, शनिवारी जमून, वर्षभर त्याचे चित्रण चालले. त्यातही थिओबाल्डच आहेत. अनोळखी माणसांचा पाठलाग करणारा त्यांचा तरुण पोलीस अधिकाऱ्यासमोर बसून सारी हकिकत सांगतो. खरे सांगितले की सुटू, अशी त्याची समजूत आहे. ती फोल ठरते, पण या वेळी त्याचा चेहरा आपल्याला पुरेसा वेळ पाहायला मिळतो.