ह्यूबर्ट वॉल्टर : बखरींतला आणि दप्तरांतला

मध्ययुगीन इंग्लंडांतील राजमंत्र्यांचीं चरित्रें बहुधा धर्मपंथी बखरकारांच्या आधारें लिहिलीं जातात. ज्याचा वैरी लेखणीचा धनी निघाला, त्याची कीर्ति मग शतकानुशतकें काळवंडते. ह्यूबर्ट वॉल्टर ह्याचें उदाहरण ह्या दृष्टीनें तपासण्यासारखें आहे.

११९३ सालीं ह्यूबर्ट कँटरबरीचा आर्चबिशप झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस जस्टिशियर, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी, नेमला गेला. राजा पहिला रिचर्ड तेव्हां जर्मनींत कैदेंत होता. त्याच्या सुटकेसाठीं ठरलेल्या दीड लक्ष मार्कांच्या उभारणींत ह्यूबर्टचा हात होता. आणि राजा पुढें फ्रान्सांत लढत राहिल्यावर राज्यकारभार त्यानेंच चालविला. ११९८ त त्यानें तें पद सोडलें. ११९९ त जॉन गादीवर येतांच तो चॅन्सेलर झाला व १३ जुलै १२०५ रोजीं मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिला.

त्याच्यावरील सर्वांत जहरी लिखाण वेल्सच्या जेराल्डचें. ह्यूबर्ट लोभी, त्याचें लॅटिन कच्चें, असा त्याचा सूर. परंतु सेंट डेव्हिड्सच्या बिशपपदासाठीं जेराल्ड झगडत असतां आड आला तो हाच ह्यूबर्ट, हें ध्यानांत ठेवावयास हवें. शिवाय आपण लिहिलेलें पुष्कळसें ऐकीव होतें, अशी कबुली जेराल्डनेंच उतारवयांत दिली आहे. साक्षीदारानें जबानी मागें घेतल्यावरहि तिच्याच आधारें निवाडा करणें न्यायाचें नव्हे.

आतां दप्तराची साक्ष पाहूं. राजदरबारांत झालेल्या जमिनीच्या तडजोडीचा मजकूर एकाच चर्मपत्रावर दोनदां लिहून, तें नागमोडी कापून, एकेक तुकडा उभय पक्षांस देत. कडा जुळल्या कीं पत्र अस्सल. १५ जुलै ११९५ पासून तळाशीं तिसरी प्रत लिहून ती राजाच्या खजिन्यांत ठेवण्याचा प्रघात पडला. पहिल्या अशा स्थळप्रतीच्या पाठीवर हा नवा प्रकार आर्चबिशप व इतर सरदारांच्या व्यवस्थेनें सुरू झाल्याचा शेरा आहे. आणि त्या तडजोडींतील एक पक्ष म्हणजे ह्यूबर्टचा सख्खा भाऊ थिओबाल्ड! तो चॅन्सेलर असतां राजाच्या सनदांच्या नकलांचीं भेंडोळीं ११९९ पासून, व खुल्या पत्रांचीं १२०१ पासून, आज उपलब्ध आहेत. तीं त्यानेंच सुरू केलीं हा मात्र काळावरून बांधलेला तर्क होय. कांहीं संशोधक ह्या पद्धतीचा आरंभ त्याच्याहि पूर्वींचा मानतात.

म्हणून बखरी बाजूस साराव्या काय? मुळींच नाहीं. ११९६ सालीं लंडनमधील गरिबांचा कैवार घेऊन उठलेल्या विल्यम फिट्झऑस्बर्टनें सेंट मेरी-ल-बो ह्या देवळांत आश्रय घेतला, तेव्हां ह्यूबर्टच्या माणसांनीं आग लावून त्यास बाहेर काढलें व पुढें तो फांशी गेला. आर्चबिशपनें देवाच्या आश्रयाचा असा भंग करावा, ह्यानें कँटरबरीचे मठवासी संतापले. ही हकीकत रॉजर ऑफ हाउडन, विल्यम ऑफ न्यूबर्ग इत्यादि बखरकारांनीं सांगितली म्हणूनच सविस्तर कळते. तडजोडपत्रांच्या ढिगांत ती सांपडावयाची नाहीं. दप्तर कारभाऱ्यानें राखलेलें असतें, आणि कारभाऱ्यास जें नोंदावेंसें वाटतें तेंच त्यांत येतें. ह्यूबर्टची योजकता दप्तरांत दिसते. त्याची कठोरता पाहावयास बखरच उघडावी लागते.

हस्तलिखितें जमविणाऱ्यांनीं ह्यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मोहोरबंद सनद सर्वच जपतात. साधी स्थळप्रत मात्र नक्कल म्हणून अडगळींत पडते, आणि पाठकोऱ्या समजल्या गेलेल्या कागदांची मागील बाजू कोणी उलटूनहि पाहत नाहीं. वरील पत्राचें सारें ऐतिहासिक मोल त्याच्या पाठीवरच्या दोन ओळींत आहे. ती बाजू कोणीं खळ लावून चिकटवून टाकली असती, तर ह्यूबर्टच्या बाजूचा सर्वांत भरंवशाचा साक्षीदार कायमचा मुका झाला असता.