शंकरपट : वेग कोणाचा, वेदना कोणाची ?

बांध्यांतील धान कापून, मळून कोठारांत जाऊन पडले आणि जमीन कोरडी, टणक झाली, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील गावांत एक आखूड शब्द तोंडोतोंडी होऊ लागे : 'पट'. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सारा धानाचा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. परंतु बैलांना ही वाटणी कोणी सांगितली नव्हती. अलीकडची जोडी पलीकडे जाई, पलीकडची अलीकडे येई आणि शंकराच्या नावाने दोघींच्या कपाळी गुलाल लागे. ह्या पटाविषयी आमच्या मनात लहानपणापासून जितकी ओढ आहे, तितकीच अस्वस्थताही आहे. ह्या दोहोंचा हिशेब एकदा नीट मांडावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

टीका करणाराने आधी गुण पाहावेत, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. पटाचा पहिला गुण त्याची निखळ सरळता. वळण नाही, डावपेच नाही, लांबण नाही. एक सरळ, आखूड पट्टी. एका टोकाला सुटण्याची रेघ, दुसऱ्या टोकाला पंच. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात. काही ठिकाणी एकेक जोडी स्वतंत्रपणे धावते आणि सेकंदाच्या अंशांपर्यंत वेळ मोजतात. छकडीवर एकटा धुरकरी, पुढे दोन बैल, दुतर्फा माणसांच्या भिंती. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे संपते. वर्षभराची मशागत इतक्या थोड्या क्षणांत पणाला लावणारी दुसरी लोककला आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा गुण असा, की पटाने एक जुने वाण सांभाळले. आमच्या भागातील गवळाऊ बैल पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी आणि बालाघाट हा त्याचा प्रदेश. अंगाने सडपातळ, रंगाने पांढरा वा करडा, तोंडाने लांबट. ओझ्यापेक्षा चालीसाठी जपलेला. मराठ्यांच्या काळी मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ वाटांनी फौजेचे सामान झपाट्याने हलवावे लागे. त्या गरजेतून हा चपळ बैल घडत गेला, असे पशुशास्त्राचे जाणकार सांगतात. ट्रॅक्टर आला, संकर वाढला आणि अशा बैलाची शेतातील गरज उरली नाही. तरीही काही शेतकऱ्यांनी घरचे दूध त्याच्या तोंडाला लावले, ते पुढे पट होता म्हणून. 

तिसरा गुण गावाचा. पटाच्या रात्री झाडीपट्टीत नाटक होई आणि होते. वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव हिंडतात. दिवसा बैल पाहावयास आलेले पाहुणे रात्री मंडपात बसतात. सोयरीकी जमतात, तंटे मिटतात. ज्याला पट नको असेल त्याने ह्या सर्वांच्या जागी काय ठेवणार, हेही सांगितले पाहिजे.

आता दोष. तो सांगण्यासाठी आम्हांस एक दृश्य आठवावे लागते. नदीकाठच्या एका गावी एक जोडी पहिली आली. मालक हर्षाने वेडा झाला होता. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात हार, कपाळावर गुलाल. आम्ही नमस्कारासाठी जवळ गेलो. डाव्या बैलाच्या शेपटीच्या मुळाशी ओले रक्त होते आणि मांडीवर पराणीच्या टोकाचे चार ठिपके. पुढून पाहिले तर तो नंदी होता. मागून पाहिले तर तो मार खाल्लेला नोकर होता. लोक पुढूनच पाहत होते. त्या दिवसापासून 'शंकरपट' ह्या शब्दातील पूर्वपद आमच्या घशात अडकते.

हा दोष एकट्या त्या गावाचा नव्हता. टोचणे, शेपटी पिरगाळणे, चावणे, कोठे कोठे विजेचा झटका देणे, असे प्रकार देशभरच्या शर्यतींतून नोंदले गेले आणि न्यायालयापुढे आले. ७ मे १९१४ नव्हे, शंभर वर्षांनंतर, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती व जल्लीकट्टू ह्यांवर बंदी घातली. इतका उशीर आपण स्वतःहून जागे न झाल्यामुळे झाला. घोड्याप्रमाणे शर्यतीत धावावे अशी बैलाची शरीररचनाच नाही, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. पुढे २०१७ साली तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या तीन राज्यांनी आपापले कायदे दुरुस्त केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तिन्ही कायदे वैध ठरविले. त्या तिहींत मध्यप्रदेश नाही. म्हणजे बाघ नदीच्या पलीकडे जी जोडी नियमांच्या चौकटीत धावू शकते, तिला अलीकडे त्या कायद्याचा आधार नाही. गोमंतकातील आमच्या वाचकांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. तेथील धीर्यो उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ साली बंद केल्या, आणि परंपरा व प्राणिदया ह्यांचा तो वाद अजून घराघरांतून चालतो.

वाद मात्र दोन्हीकडे एकाच जागी रुतलेला आम्हांस दिसतो. एक पक्ष म्हणतो, 'परंपरा आहे'. दुसरा म्हणतो, 'क्रौर्य आहे'. दोघांचेही खरे आहे. पण वेग वाढविणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठी आम्ही थोडे दूरचे उदाहरण घेतो.

अमेरिकेत पटासारखाच एक खेळ आहे. फक्त तेथे बैलांच्या जागी मोटारी असतात. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० साली विमानतळाच्या धावपट्टीवर तो रीतसर सुरू झाला आणि पुढील वर्षी वॉली पार्क्स ह्यांनी त्याची राष्ट्रीय संघटना उभारली. पाव मैलाची, म्हणजे १३२० फुटांची सरळ पट्टी. दोन गाड्या शेजारी शेजारी. उभ्या जागेवरून सुटायचे आणि टोक गाठायचे. त्याला 'ड्रॅग' शर्यत म्हणतात. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर असे सामने झाले आहेत. ह्या खेळात जुन्या, जपलेल्या मोटारी हौसेने आणतात. आपल्या अॅम्बॅसिडर वा प्रीमियर पद्मिनीसारखी वडिलार्जित गाडी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे त्या हौसेचा अर्थ कळेल. अॅम्बॅसिडरचे उत्पादनही २०१४ च्या मे महिन्यातच थांबले. बैल आणि ती गाडी एकाच महिन्यात रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

अशी म्हातारी गाडी पट्टीवर न्यायची तर जाणता कारागीर प्रथम काय करतो ? तो इंजिनावर जोर करीत नाही. तो आधी अडथळे काढतो. कार्ब्युरेटर धुतो, ठिणगीची वेळ जुळवितो, ब्रेक चाकाला घासत असतील तर सैल करतो, धुरीचे बेअरिंग बदलतो, टायरांतील हवा पाहतो. मग तो वजन काढतो : मागची बैठक, जादा चाक, नको ते लोखंड. त्यातही चाकांचे वजन आधी. कारण चाक पुढेही जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. त्याच्या कडेवरचे एक किलो वजन वेग घेताना जवळजवळ दोन किलोंइतके जड पडते. एवढे झाल्यावरच, पैसा उरला तर, मोठे इंजिन. आणि येथेच मोटार व बैल ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मोटारीचे इंजिन काढून दुसरे बसविता येते. फाटले तर ते भंगारात जाते, त्याला दुखत नाही. बैलाला एकच छाती मिळाली आहे आणि ती बदलून मिळत नाही.

ह्या कसोटीवर पट तपासला, तर आमचे धुरकरी आणि मालक ह्यांचे कौशल्य बहुधा उलट्या टोकाला खर्च होते, असे दिसून येईल. छकडीचा आख वंगणाविना कुरकुरत असतो, चाकावरची लोखंडी धाव जाड असते, जू खांद्यावर तिरके बसते. आणि ह्या सर्वांनी गमावलेला वेग पराणीच्या टोकाने बैलाच्या अंगातून वसूल केला जातो. भाषेने येथे मोठा मार्मिक विनोद केला आहे : चाकावरच्या पट्टीलाही 'धाव' म्हणतात आणि पळण्यालाही. पहिली हलकी केली असती, तर दुसरी टोचून काढावी लागली नसती. जू मापाने घडविणे, आख गुळगुळीत करणे, छकडी हलकी करणे, नाल नीट ठोकणे, पोहण्याने व वाळूतील चालीने दम वाढविणे, वेळेवर सरकी-ढेप घालणे : ही खरी सुधारणा. तिला वेळ लागतो, म्हणून ती थोडे करतात.

त्याच परदेशी खेळातील आणखी एक रीत आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली. सामान्य गाडीवाल्यांसाठी तेथे एक वेगळा वर्ग असतो. प्रत्येकाने धावण्यापूर्वी आपली वेळ जाहीर करावयाची आणि ती गाडीच्या काचेवर लिहावयाची. मंद गाडीला त्या प्रमाणात आधी सोडतात. आणि जो आपल्या जाहीर वेळेहून लवकर पोहोचेल, तो सामान्यतः हरला ! त्यामुळे जुनी, हळू गाडीही नव्या, वेगवान गाडीला जिंकते. कारण तेथे मोजला जातो तो मालकाचा आपल्या वाहनाशी असलेला परिचय.

हा नियम पटाला लावून पाहा. धुरकऱ्याने आधी सांगावे : माझी जोडी इतक्या सेकंदांत टोक गाठील. जो आपल्या बोलाच्या सर्वांत जवळ येईल, पण त्याच्या आत जाणार नाही, त्याला मान. अशा पटात पराणीचा उपयोग काय ? टोचलेला बैल केव्हा उधळेल ह्याचा भरवसा नाही, आणि उधळला की बक्षीस गेले. शांत हाताचा, बैलाची नाडी जाणणारा धुरकरीच तेथे टिकेल. महाराष्ट्रातील नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, चाबूक आणि विजेचा झटका वर्ज्य आहे. परंतु नियम बाहेरून पहारा करतो आणि पहारेकऱ्याची पाठ वळते. खेळाची रचनाच अशी करावी, की क्रौर्य करणाराचा तोटा व्हावा.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला पटवाल्यांचा : अशाने रंगत जाईल, लोक वेग पाहायला येतात, गणित पाहायला नव्हे. आमचे उत्तर असे, की पट्टी तीच राहील, बैल तेच राहतील, दोन्ही बाजूंच्या भिंती त्याच राहतील. आणि सांगितलेली वेळ व झालेली वेळ ह्यांतील एका सेकंदाच्या अंशासाठी श्वास रोखून धरण्यात रंगत कमी नाही. दुसरा प्राणिमित्रांचा : बैलाला धावायचेच नसेल तर ? हा आक्षेप अधिक खोल आहे. त्याला आम्ही एवढेच म्हणू, की न टोचता जी जोडी धावणार नाही, तिने आपला निकाल स्वतःच दिला आहे. तिला हार घालून घरी न्यावी आणि त्यात मालकाने आपला अपमान मानू नये. अशाने एकही जोडी धावली नाही, तर पट संपला असे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. जे टोचण्यावाचून जगत नाही, त्याला परंपरा म्हणून जगविण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही.

आता देवस्थानांविषयी. यात्रेला लागून भरणाऱ्या शर्यतींना देवस्थान समित्या कोठे जागा देतात, कोठे नाव देतात, कोठे अध्यक्षपद भूषवितात. नाव देणे ही लहान गोष्ट नव्हे. शंकराच्या गाभाऱ्यात जाण्यापूर्वी आपण नंदीच्या शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेतो. देव दिसतो तो त्याच्या कपाळावरून. त्याच देवाच्या नावाने भरलेल्या पटात नंदीच्या अंगावर रक्त निघाले, तर त्या रक्ताचा टिळा आपल्याही कपाळी लागतो. समितीने एवढे जरी म्हटले, की आमच्या देवाचे नाव हवे असेल तर पराणी मैदानाबाहेर, बैल धावण्याआधी व धावल्यानंतर मागूनही तपासला जाईल, आणि जाहीर वेळेचा एक तरी वर्ग ठेवावा, तर कायद्याच्या चार कलमांनी होणार नाही ते होईल.

बालाघाटच्या मंडळींना मात्र आम्ही कायदा ओलांडण्यास सांगणार नाही. शासनाने वाट मोकळी करेपर्यंत येथे पट्टी रिकामी राहावी. पण जोडी पट्टीवरच शोभते असे थोडेच आहे ? उत्तम राखलेल्या गवळाऊ जोडीचा, मापात बसलेल्या जुवाचा, हलक्या व सुबक छकडीचा मान करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मंडईच्या दिवशी, महाशिवरात्रीला, मंदिराच्या आवारात हे होऊ शकेल. तसे झाले, तर वाणही टिकेल आणि सुताराच्या हातांनाही काम मिळेल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळद लावून, जुवाने घट्टे पडलेली ती जागा घरधनी आपल्या हाताने चोळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला आमंत्रण देतो. त्या वेळी बैल मान खाली घालून उभा असतो आणि धन्याच्या हाताला नेमके कळते, की कोठे सुजले आहे, कोठे सोलले आहे. पटाचे पंच कोणाला नेमावे, असा प्रश्न पुढे कधी निघालाच, तर आम्ही त्या हाताचे नाव सुचवू.